डांबराचं टोक

विक्रोळी,
सोमवार, ९ डिसेंबर १९८५

धाकू,

एस.टी. सुटली तेव्हा तू खिडकीतून एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. मी डेपोच्या फाटकापर्यंत गाडीमागे चालत आले होते. रागावलास, ते बरोबरच आहे. मोतीबिंदू काढायला बाप बहिणीकडे पाठवला आणि बहिणीने तो हरवून टाकला. शेजारीपाजारी तोंडावर काही बोलत नाहीत, पण नळावर मी गेले की सगळ्या गप्प होतात.

तार मिळताच तू आलास, चार दिवस आपण इस्पितळं, स्टेशनं, देवळांच्या पायऱ्या, सगळं पालथं घातलं. तू गेल्यावर काल आम्ही पुन्हा ठाण्यापर्यंत जाऊन आलो. पत्ता नाही. पट्टी बांधलेला डोळा, फाटका कान आणि अंगात खाकी सदरा, एवढ्या खुणेवर मुंबईत म्हातारा कसा सापडायचा? मी तरी काय करणार होते रे? पाणी भरायला गेले तेवढ्यात ते बाहेर पडले, ते सांगितलंच आहे तुला.

तू लायसनवरून काढून दिलेला आबांचा फोटो यांनी पोलिसांत दिला. तो तिथून टीव्हीवर जाणार. संध्याकाळी मराठी बातम्यांच्या आधी हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवतात, त्यात. पण रांग आहे म्हणे. मुंबईत हरवायलासुद्धा नंबर लावावा लागतो. फोटो परत मिळेल याचा भरवसा नाही असंही ते म्हणाले. आबांचा तेवढा एकच फोटो होता, हे मला घरी आल्यावर सुचलं.

काशीला सांग, वन्सं चुकल्या.

चिमा

*

वाघजाई फाटा, ता. लांजा,
१७ डिसेंबर १९८५

आक्का,

मागे पाहिलं असतं तर उतरलो असतो, आणि उतरलो असतो तर इथली नोकरी गेली असती. शेटने चारच दिवसांची रजा दिली होती. राग आहे, खोटं कशाला लिहू? पण तो तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती याची वाटणी मला करता येत नाही. इस्पितळ मुंबईचंच चांगलं, असा हट्ट माझाच होता.

तू आमची खोली कधी पाहिली नाहीस. तू आईबरोबर गावी राहिलीस, मग लग्न होऊन मुंबईला गेलीस. म्हणून सांगतो. रोलरच्या मागे आकड्याला जोडलेली ही पत्र्याची खोली, चार चाकांची, बारा फूट लांब. मुंबईवाले ट्रेलर म्हणतात. रोलर ड्रायव्हरने कामावरच राहायचं, म्हणून ती दिलेली. आबांनी सव्वीस वर्षं तीत काढली, नंतर रोलर माझ्या हाती आला तरी ते तिथेच राहिले. गावच्या घरात त्यांना झोप येत नाही. रस्ता जेवढा पुढे सरकेल तेवढी खोली पुढे. दिवस मावळायला ती कायम तिथे उभी, जिथे डांबर संपतं. मग आबा चाकांखाली अडसराचे चार दगड लावणार, दोन पुढे, दोन मागे, चपटी बाजू आत. मी लावलेले दगड त्यांना आजवर पसंत पडलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. हायवेवरून आमच्या रस्त्याला वळतात तो हा फाटा. इथे गोदूबाईच्या हॉटेलात दिवसाला चाळीस ट्रक थांबतात. मुंबई-गोवा, वर-खाली. या ड्रायव्हर लोकांना आबांचं तोंड एकदा दाखवता आलं तर चार दिवसांत सगळ्या हायवेला ते माहीत होईल. तोंड दाखवायला फोटो नाही. फोटो टीव्हीवर येणार. म्हणजे मला टीव्ही पाहिजे, आणि खोलीवर अँटेना. काशी म्हणते, वेड लागलंय. असेल. हातावर हात ठेवून बसणं माझ्याच्याने होत नाही.

रत्नागिरीला जाऊन बाळाच्या दुकानात चौकशी केली. तो रेडिओ-टीव्हीवाला, ओळखीचा आहे. तो म्हणाला, "धाकूशेट, इथल्या मनोऱ्यावर दिल्ली येते, ती पण तुमच्या खड्ड्यात पोचायची नाय. मुंबय बघायची तर मुंबयच्याच दिशेला काटा लावायला हवा." त्याच्याकडे तीन दांड्यांची आहे, सहाची आहे आणि एक अकरा दांड्यांची, वाव माशाच्या काट्यासारखी लांबलचक. कोणती घेऊ? भावोजी वायरमन आहेत, त्यांना विचारून लवकर कळव.

धाकू

*

विक्रोळी,
२४ डिसेंबर १९८५

धाकू,

पत्र वाचून मी रडले आणि हे उठून पेन्सिल शोधायला लागले. पुरुषांचं बरं असतं. खालचं सगळं ते सांगताहेत आणि मी उतरवून घेते आहे, चुकलं तर मला हसू नकोस.

तीन दांड्यांची घेऊ नकोस, ती गावात मनोरा असेल त्यांना. अकराचीच घे. पण घेण्याआधी बाळाला विचार, दांड्या कुठल्या स्टेशनाच्या मापाच्या आहेत. मुंबईचा कार्यक्रम पुण्याच्या सिंहगडावरूनही दाखवतात आणि तुला पुणं जवळ, मात्र मध्ये सह्याद्री आडवा. दोन्हींच्या दांड्यांची मापं वेगळी असतात. हे म्हणतात, तू मुंबईचीच घे आणि समुद्राच्या बाजूला मोकळं ठेव. पाइप वीस फुटी. तीन बाजूंनी तारेचे ताण. बूस्टर घेतलास तर तो वर अँटेनेजवळ बांधायचा, खाली टीव्हीजवळ नाही. "खाली लावला तर मुंग्याच मोठ्या दिसतील," असं लिही म्हणाले.

टीव्ही विकत घेऊ नकोस. आमचा लहान पोर्टेबल उद्या एस.टी. पार्सलने पाठवते आहे, तो मोटारीच्या बॅटरीवरही चालतो. आबा त्याच्यासमोर बसून बातम्या सांगणाऱ्या बाईला नमस्कार करायचे. आता तो घरात असला की माझं लक्ष सारखं त्यांच्या पाटाकडे जातं. फोटो कधी दाखवतात ते मी शेजारच्या यमुनाबाईंकडे रोज बघेन. अजून नाही आला. पोलीस म्हणाले जानेवारीत.

थंडी पडली आहे. त्यांची शाल इथेच खुंटीला आहे.

चिमा

*

वाघजाई फाटा,
६ जानेवारी १९८६

आक्का,

टीव्ही धडधाकट पोचला. भावोजींना सांग, अकरा दांड्यांची आणली, मुंबईच्या मापाची. ती मी एस.टी.च्या टपावर बांधली, तर कंडक्टर म्हणाला, शिडी कशाला नेताय?

बसवण्याची कथा ऐक. छपराला पाइप ठोकायचा तर पत्र्याला भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडायला आबांची सक्त मनाई. "एक भोक म्हंजे एक पावसाळा आत," हे मी लहानपणापासून ऐकलंय. ते इथे नाहीत म्हणून भोक पाडू? हात धजेना. शेवटी बाजूच्या लोखंडी अँगलला दोन क्लॅम्प आवळले, पाइप उभा केला आणि तिन्ही ताण खोलीच्या कोपऱ्यांना बांधले. काशी खाली टीव्हीपुढे, मी छपरावर पाइप फिरवतोय. "आला का?" "नाय." "आता?" "आवाज आला, गेला." दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत आमचा एवढाच संवाद. सोळा वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो.

आणि एवढं करून मुंग्या. नुसत्या मुंग्या. त्यातून मध्येच एक माणूस दिसल्यासारखा होतो आणि विरघळतो. शिवाय दोन दिवसांनी खोली दोनशे फूट पुढे न्यायची की अँटेनेचं तोंड फिरतं, म्हणजे पुन्हा मी छपरावर. आमचा रस्ता दोन डोंगरांच्या मधून जातो. या घळीत सूर्यच नऊ वाजता येतो, मुंबई कुठून येणार?

म्हणून ठरवलंय. रस्त्याच्या वर सडा आहे, मैलभर सपाट कातळ, झाड नाही. तिथून पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते. काल नुसता टीव्ही-बॅटरी-अँटेना वर नेऊन बघितलं तर मुंग्यांतून आवाज स्वच्छ आला. मराठी! पण उघड्या कातळावर टीव्ही ठेवायचा कुठे आणि माणसं बसवायची कुठे? शेटला हातापाया पडून रोलर एक दिवस मागितला. उद्या खोलीच वर नेतो. बैलगाडीची वाट आहे, रोलर चढेल. खोली तिथे राहील, मी रोज खाली कामावर उतरेन. बूस्टर बाळाने कोल्हापूरहून मागवलाय, तो आला की चित्र येईलच.

काशी कुरकुरते आहे. "रस्ता सोडून खोली कधी गेली नाय, आबांना आवडायचा नाय." मी म्हटलं, आबा सापडले की त्यांना विचारून परत आणू.

जुनी टोळी गावी गेली, उद्या-परवा कामगारांची नवी टोळी येते आहे, सोलापूरकडची. तारीख कळली की लगेच कळव.

धाकू

*

विक्रोळी,
१४ जानेवारी १९८६, संक्रांत

धाकू,

तारीख कळली. मंगळवारी, एकवीसला, बातम्यांच्या आधी. पण ते राहू दे. आधी पुढचं वाच.

मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या दिवशी मी नळावर नव्हते. मी घरात भाकऱ्या थापत होते. आबा आठ दिवसांपासून मला एकच विचारत होते, "चिमे, इथला डांबर खंय सपता?" मी म्हणायची, आबा, मुंबईत डांबर संपत नाही. त्या दिवशी ते चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी डांबराच्या टोकापर्यंत जाऊन येतंय." मला वाटलं गल्लीच्या टोकापर्यंत जाताहेत, पाय मोकळे करायला. मी हसले आणि म्हटलं, "जा, पण जेवायला या." मीच त्यांना जा म्हटलं रे. हे तुला सांगायची माझी छाती झाली नाही.

काल तुझं पत्र आलं, म्हणून जुनी पत्रं पुन्हा काढून बसले. त्यात तू लिहिलंयस, दिवस मावळायला खोली कायम तिथे उभी, जिथे डांबर संपतं. ते मी तीनदा वाचलं. ते गल्लीच्या टोकाला गेले नाहीत. ते घरी निघालेत. नाव, गाव, सगळं विसरले असतील, पण रस्ता धरून डांबर संपेपर्यंत चालायचं हे त्यांना ठाऊक आहे.

यांना म्हटलं तार करा. ते म्हणाले, तारेत काय लिहू, डांबराच्या टोकावर थांबा? पोस्टातला माणूस हसेल. आणि दीड महिना, दोनशे मैल, एक डोळा बांधलेला म्हातारा, अशक्य आहे म्हणाले. असेल अशक्य. पण धाकू, खोली सड्यावर नेली असलीस तर परत आण. हे पत्र मिळताच आण. टीव्ही मी इथे बघते. तू फक्त खोली रस्त्यावर उभी कर.

तिळगूळ पाकिटात घातला आहे, त्याचा चुरा होईल.

चिमा

*

वाघजाई फाटा,
२३ जानेवारी १९८६

आक्का,

तुझं पत्र शनिवारीच गोदूबाईच्या हॉटेलात येऊन पडलं होतं. आमचं टपाल ती बरणीमागे ठेवते. रविवारी पहाटेची गाडी फाट्यावर गोदूबाईने दार उघडायच्या आधीच येते, तीत बसून मी रत्नागिरीला बूस्टर आणायला गेलो. परत आलो तेव्हाही दार बंद. सोमवार-मंगळवार बूस्टर चढवण्यात गेले. पत्र मला काल बुधवारी मिळालं. म्हणजे सगळं झाल्यावर.

सांगतो. क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो.

मंगळवारी चित्र आलं. तारीख ठाऊक नव्हती, आता रोज संध्याकाळी बघायचं एवढंच ठरवलं होतं. बूस्टरने कमाल केली. सड्यावर खोलीचं दार उघडून टीव्ही दारात ठेवला, समोर कातळावर नव्या टोळीची बारा माणसं आणि मी निरोप धाडून फाट्यावरून बोलावलेले तीन ट्रक ड्रायव्हर. आधी एक पोरगी दाखवली, मग एक वेडसर बाई, मग आबा. मुंग्या बाजूला सरल्या आणि आबा आले. लायसनमधले, तरणे, मिशा वळवलेल्या, डाव्या कानाची पाळी फाटलेली स्वच्छ दिसत होती. काशीने पदर तोंडात धरला. मी ओरडलो, "बघा रे, नीट बघा! हे माजे आबा!" पाच-सात सेकंद होते. बाईने नाव सांगितलं आणि ते गेले.

तेव्हा टोळीतली येसूबाई म्हणून बाई आहे, ती उठून उभी राहिली. म्हणाली, "ह्यो कान म्या बघितलाय. परवा आयतवारी. म्हातारं हुतं, पर कान त्योच."

रविवारी, आक्का. मी बाळाच्या दुकानात बूस्टर तपासून घेत होतो तेव्हा.

ती खाली कपडे धूत होती. आबा रस्त्याने चालत आले. पायात एकच चप्पल, डोळ्याची पट्टी काळी पडलेली. डांबर संपतं तिथे येऊन थांबले. खाली वाकून डांबराला पालथा हात लावून पाहिला, गरम आहे का म्हणून. मग इकडे बघ, तिकडे बघ. तिने विचारलं, "बाबा, कुटं जायाचं?" तर म्हणाले, "घरी. हितंच हाय." ती म्हणाली, "हितं घर न्हाई बाबा, म्होरं डोंगर हाय." तिने त्यांना भाकरी दिली. अर्धी खाल्ली, अर्धी सदऱ्यात ठेवली. टोळी आली तेव्हा खोली आधीच सड्यावर गेलेली. इथे कधी खोली होती, हे तिला कोण सांगणार? उन्हं कलेपर्यंत ते तिथे बसून होते. मग उठून आले तसे परत गेले.

काशीने त्यांना वरून पाहिलं होतं. सड्याच्या कडेवरून रस्त्याचं टोक दिसतं. कुणीतरी मजूर बसलाय, असं तिला वाटलं. परवापासून तिने अन्न घेतलेलं नाही, आणि मी तिला काही बोलू शकत नाही, कारण ती नको म्हणत होती आणि खोली मी नेली.

मी पळत खाली गेलो. खोली हलवली तेव्हा अडसराचे दगड मी लाथेने बाजूला उडवले होते, घाईत. ते चारही दगड खोलीच्या जुन्या जागेवर होते, आक्का. दोन पुढे, दोन मागे, चपटी बाजू आत. मध्ये खोलीएवढी जागा सोडलेली.

फाट्यावर चौकशी केली. एकजण म्हणतो, एका म्हाताऱ्याला राजापूरच्या दिशेने ट्रकमध्ये चढताना पाहिलं. काल दिवसभर मी राजापूरपर्यंत जाऊन आलो. आता ते कुठला तरी दुसरा रस्ता धरून त्याच्या टोकाशी जाणार, हे मला कळतंय. पण कुठला? हायवेवरून आत जाणारे रस्ते मोजत गेलो. राजापूरपर्यंत एकोणीस. एकोणीसही रस्त्यांचं डांबर कुठे ना कुठे संपतं. मी एकटा आहे.

तू जा म्हटलंस ते मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांना घरी जा म्हटलंस. घर मी उचलून नेलं.

धाकू

*

विक्रोळी,
३० जानेवारी १९८६

धाकू,

हे सुट्टी काढून राजापूरला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. तिथून ते पुढे कणकवलीपर्यंत जातील. शाल दिली आहे. ती तुझ्याकडेच ठेव, खोलीत, दाराशी, त्यांना दिसेल अशी.

माझ्या बापाने दोनशे मैलांवरून घर बरोबर शोधलं. इथे सगळे म्हणत होते, म्हाताऱ्याला भ्रम झालाय.

काशीला जेवायला घाल. माझी शपथ आहे म्हणून सांग.

चिमा

*

वाघजाई फाटा,
१६ मार्च १९८६

आक्का,

भावोजी तीनदा येऊन गेले, त्यांचे पाय धरावेत तेवढे थोडे. त्यांनी तुला सांगितलंच असेल. पाचलकडच्या एका रस्त्यावर म्हातारा दिसला होता, महिन्यापूर्वी. त्यानंतर कुणाला नाही.

खोली मी टीव्हीवर आबा दिसले त्याच रात्री खाली आणली. तेव्हापासून ती डांबराच्या टोकाला आहे आणि रोज त्याच्याबरोबर पुढे जाते. दगड मी लावतो, चपटी बाजू आत. शाल दाराशी आहे. काशी आता जेवते, पण एक ताट जास्त वाढून बसते आणि मी विचारत नाही.

अँटेना उतरवलेली नाही. घळीत चित्र येत नाही, टीव्ही खाटेखाली गेलाय. पण वीस फुटी पाइप लांबून दिसतो. अकरा दांड्यांना आबांच्या रोलरचं लाल निशाण बांधलंय, रस्ता बंद असताना ते पुढे लावायचे ना, तेच. ट्रकवाले विचारतात, काय हो, कसली जत्रा? मी सांगतो. आता त्या सगळ्यांना ठाऊक आहे, फाटक्या कानाचा म्हातारा दिसला तर कुठे आणून सोडायचा.

पण एक गोष्ट आहे आणि ती मी काशीला अजून सांगितलेली नाही. आमचा रस्ता वाडीपर्यंतचाच. अर्धा मैल उरलाय. मार्चअखेर डांबर वाडीच्या देवळाला टेकेल आणि काम संपेल. शेटने सांगून ठेवलंय, एप्रिलला रोलर आणि खोली मंडणगडच्या कामावर. शंभर मैल लांब, दुसऱ्याच रस्त्यावर. मी म्हटलं, खोली राहू द्या इथेच. तो म्हणाला, खोली रोलरची आहे, तुझ्या बापाची नाही.

काल त्याने विचारलं, काम एवढं मागे का पडतंय. मी रोलर हळू चालवतो म्हणून. पण आक्का, रोलर मुळातच हळू चालतो. त्याहून हळू मला चालवता येत नाही.

धाकू